दुधाच्या राज्यात पाच महिने

लेकीच्या बाळंतपणासाठी दोन वर्षांपूर्वी मी अमेरिकेला गेले. निघण्याआधी शेजारणी विचारायच्या, "कुठं असते हो तुमची मुलगी? न्यूयॉर्कला की कॅलिफोर्नियात?" मी म्हणायची, "विस्कॉन्सिनला." की पुढचा प्रश्न ठरलेला, "ते कुठं आलं?" खरं सांगायचं तर मलाही नीटसं ठाऊक नव्हतं. शिकागोच्या विमानतळावर जावई घ्यायला आले. तिथून मॅडिसन गाव मोटारीने तीन तासांवर. वाटेत पुढच्या गाडीच्या नंबराच्या पाटीकडे माझं लक्ष गेलं. नंबराखाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'अमेरिकेची दुग्धभूमी'. मला वाटलं, दुधाच्या एखाद्या कंपनीची गाडी असेल. पण मागून आली तिच्यावरही तेच! जावई हसून म्हणाले, "आई, या राज्यातल्या गाड्यांवर १९४० पासून हेच लिहितात."

आणि या दुग्धभूमीत पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. बाळंतिणीच्या लाडवांना तूप हवं म्हणून मी गॅलनभर दूध तापवून ठेवलं. गॅलन म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर. सकाळी उठून झाकण काढते तो काय, साय नाहीच! वर नुसता पापुद्रा. लेक म्हणाली, "अगं आई, इथं साय विसर. दुधातल्या स्निग्धाचे कण यंत्राने दाबून इतके बारीक करतात की ते वर येऊन जमतच नाहीत. बिनमिठाचं लोणी आणू आणि कढवू." तसंच केलं. परदेशी जाणाऱ्या मैत्रिणींसाठी सांगून ठेवते: साडेचारशे ग्रॅमच्या पुड्यातून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. आच मंद ठेवायची, आणि बेरी तांबूस झाली की लगेच उतरवायचं. रवाळ होतं, पण घरच्या विरजणाच्या लोण्याचा वास त्याला नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

त्या लोण्याच्या निमित्ताने या राज्याची कहाणी मला हळूहळू कळत गेली. बाळ झोपलं की लेकीकडची पुस्तकं वाचायची आणि शनिवारी बाहेर पडायचं, असे माझे ते पाच महिने गेले.

आधी हे राज्य आहे कुठं ते सांगते. अमेरिकेच्या नकाशात वर, मधोमध पाहा. पूर्वेला मिशिगन सरोवर, उत्तरेला सुपीरियर सरोवर आणि पश्चिमेच्या सीमेवरून बराच अंतर वाहणारी मिसिसिपी नदी. आकार आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा जास्त, आणि वस्ती किती म्हणाल? २०२० च्या शिरगणतीत जेमतेम ५९ लाख. सगळ्या राज्यात मिळून एका पुणे शहराला आणि आसपासच्या उपनगरांना पुरतील इतकीच माणसं म्हणा ना! तळी मात्र पंधरा हजारांच्या आसपास. फार पूर्वी बर्फाच्या प्रचंड थरांनी ही भूमी झाकलेली होती. ते थर सरकताना जमीन खरवडली गेली, खोलगट जागा झाल्या आणि बर्फ वितळल्यावर तिथं तळी राहिली. या शेवटच्या हिमकाळाला शास्त्रज्ञांनी या राज्याचंच नाव दिलं आहे. नैर्ऋत्येचा एक कोपरा तेवढा बर्फाखाली गेला नाही. तिथं अजून डोंगर, घळी, वळणावळणाचे रस्ते आहेत. त्या बाजूला गेलो तेव्हा मला आपला मावळ आठवला. तळी आणि लाल गोठे तेवढे वेगळे.

उत्तरेकडे पाइनची जंगलं होती. एकोणिसाव्या शतकात ती इतकी तोडली की पुढं तिथं नुसते बुंधे उरले. लाकूडतोडीचा पालापाचोळा आणि कोरडा उन्हाळा यांनी ८ ऑक्टोबर १८७१ ला पेश्टिगो गावाला वणवा लागला, त्यात बाराशेहून जास्त माणसं गेली. त्याच रात्री शिकागोलाही आग लागली होती. शिकागोची आग जगाला माहीत, पेश्टिगोची कुणाला नाही. गरिबाच्या आगीला वर्तमानपत्रात जागा कमी, दुसरं काय!

हिवाळा तर विचारू नका. मॅडिसन दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलं आहे. थंडीत ती तळी इतकी गोठतात की लोक वर खुर्ची टाकून, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. मी उन्हाळ्यात गेले होते म्हणून वाचले.

आता दुधाकडे वळते. हे राज्य पहिल्यापासून दुधाचं नव्हतं बरं का. १८४८ साली ते अमेरिकेचं राज्य झालं, तेव्हा आलेला शेतकरी गहू पेरायचा. १८६० च्या सुमाराला गव्हात त्याचा नंबर फार वरचा होता. पण वर्षानुवर्षं एकच पीक घेऊन जमिनीचा कस गेला, पिकावर किडे पडले, आणि पश्चिमेच्या नव्या जमिनींतला गहू स्वस्त येऊ लागला. शेतकरी हवालदिल झाला. या थंड, ओल्या, डोंगराळ जमिनीत गवत मात्र उत्तम येत होतं. मग गवत खाणाऱ्या जनावराशिवाय दुसरा मार्ग कुठला?

पण गंमत पाहा, पुरुषांना हे सुचण्याच्या कितीतरी आधी एका बाईने ते करून दाखवलं होतं. १८४१ साली लेक मिल्स गावी ॲन पिकेट नावाच्या गृहिणीने शेजाऱ्यांच्या गाईंचं दूध एकत्र करून चीज बनवून विकायला सुरुवात केली. या राज्यातला चीजचा पहिला धंदा तो हाच, अशी नोंद आहे. आपल्या गावातली दूध संस्था दुसरं काय करते? दहा घरचं थोडं थोडं दूध एका जागी आणायचं, एवढंच तर तिचं मूळ. तोवर लोणी आणि चीज करणं हे बायकांचं घरकाम मानलं जात होतं. पैसा दिसू लागला तसा तो पुरुषांचा उद्योग झाला. हे काही त्या एकाच देशात घडलं नाही!

या उद्योगाला आकार दिला विल्यम होर्ड या वर्तमानपत्राच्या संपादकाने. गावोगाव फिरून तो गव्हावाल्यांना गाईचं महत्त्व पटवायचा. १८८५ मध्ये त्याने दुग्धव्यवसायाचं नियतकालिक काढलं, आणि पुढं तो राज्याचा गव्हर्नर झाला. आपल्या गोठ्यातल्या माणसांसाठी त्याने एक पाटी लावली होती. गाईशी संयमाने, मायेने वागा, ही मातांची जागा आहे, अशा अर्थाची. वाचून मी लेकीला म्हटलं, "बघ, हे तर आपल्या आजीचंच बोलणं!"

होर्डच्या जोडीला विद्यापीठ होतं. दुधात पाणी घालणारे आणि साय काढून घेणारे महाभाग तिकडंही होते. सगळं दूध एकाच भावाने जायचं, त्यात चोख दूध घालणाऱ्याचं नुकसान व्हायचं. १८९० साली मॅडिसनच्या विद्यापीठातले स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातलं स्निग्ध मोजायची सोपी रीत शोधून काढली. बाटलीत दूध, त्यात गंधकाचं आम्ल, मग बाटली गरगर फिरवायची, आणि वर येणारं स्निग्ध मापायचं. बॅबकॉकनी त्यावर हक्क सांगून पैसा केला नाही, रीत सगळ्यांना खुली करून दिली. आपल्याकडं डेअरीत 'फॅट किती लागली?' असं विचारतात आणि त्यावर भाव ठरतो. फॅट मापून भाव द्यायची ही कल्पना त्याच काळात रूढ झाली.

त्याच विद्यापीठात १९१३ मध्ये अ जीवनसत्त्वाचा शोध लागला. एल्मर मॅकॉलम यांनी उंदरांना निरनिराळा आहार देऊन पाहिलं. लोणी किंवा अंड्याचा बलक मिळालेले उंदीर वाढले; डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचं तेल मिळालेले वाढायचे थांबले. ते उंदीर सांभाळायचे, वजनं करायची, नोंदी ठेवायच्या हे काम मार्गरीट डेव्हिस नावाची तरुणी करत होती, आणि तीही कितीतरी वर्षं पगाराशिवाय! शोधनिबंधावर तिचं नाव आहे, एवढं समाधान. आपले हरगोबिंद खुराना याच गावी १९६० ते १९७० काम करत होते आणि १९६८ चं नोबेल त्यांना इथं असतानाच मिळालं.

लोण्यात जीवनसत्त्व सापडलं म्हटल्यावर लोणीवाल्यांना केवढा जोर आला असेल! कारण त्यांचा एक वैरी बाजारात होता: मार्गारीन. चरबीपासून किंवा तेलापासून केलेलं, लोण्यासारखं दिसणारं स्वस्त स्निग्ध. आपल्या वनस्पती तुपाचं लांबचं भावंडच म्हणा. ते मुळात पांढरं. पिवळा रंग दिला की गिऱ्हाइकाला लोणी वाटतं. म्हणून विस्कॉन्सिनने १८९५ मध्ये पिवळ्या मार्गारीनला बंदी घातली, ती उठली थेट १९६७ मध्ये! सगळ्या राज्यांत शेवटी. तोवर काटकसरी गृहिणी काय करत? शेजारच्या इलिनॉय राज्यात मोटार हाणायच्या आणि स्वतःसाठी, शेजारणींसाठी डिकी भरून पिवळं मार्गारीन आणायच्या. नाहीतर पांढऱ्या गोळ्याबरोबर मिळणारा रंग घरी मळून घालायच्या.

आपल्याकडंही वनस्पती तुपाला रंग द्यावा म्हणून स्वातंत्र्याच्या आगेमागे बराच वाद झाला होता. रंग काही दिला गेला नाही, पण शुद्ध तुपातली भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं.

या भांडणातली सगळ्यात मजेदार गोष्ट गॉर्डन रोझलीप यांची. हे राज्याच्या सिनेटमधले लोण्याचे कट्टर कैवारी. १९६५ साली त्यांची परीक्षा घेतली गेली: चव घेऊन लोणी कुठलं, मार्गारीन कुठलं ते सांगायचं. गृहस्थ चुकले! मार्गारीनलाच लोणी म्हणाले. पुढं घरच्यांनी गुपित फोडलं. वजन फार वाढलं म्हणून त्यांच्या बायकोने घरात केव्हापासून गुपचूप मार्गारीनच वाढायला सुरुवात केली होती. बाहेर नवरा लोण्यासाठी भाषणं करतोय आणि स्वयंपाकघरात कायदा बायकोचा! आमच्या ह्यांना ही गोष्ट फोनवर सांगितली, तर म्हणाले, "तू माझ्या चहात साखर घालतेस ना गं?" मी विषय बदलला.

बंदी उठली तरी एक कलम अजून शिल्लक आहे. हॉटेलात गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय लोण्याऐवजी मार्गारीन वाढायचं नाही.

ही माणसं आली कुठून? सर्वांत जास्त जर्मन. त्यांच्यापाठोपाठ नॉर्वेजियन, पोलिश, आणि न्यू ग्लॅरसला १८४५ मध्ये आलेले स्विस. ज्याने त्याने आपापल्या देशचं चीज आणलं. वॉटरटाऊन गावी १८५६ मध्ये मार्गारेथ शुर्त्झ या जर्मन बाईने आपल्या आणि नात्यातल्या मुलांसाठी घरीच बालवाडी काढली. अमेरिकेतली ती पहिली किंडरगार्टन. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या घटनादुरुस्तीला १० जून १९१९ ला मान्यता देऊन कागद सर्वांत आधी पोचते करणारं राज्यही हेच.

पण या सगळ्यांच्या आधीपासून इथं मेनोमिनी, हो-चंक, ओजिब्वे हे मूळ रहिवासी आहेत. त्यांची बरीचशी जमीन करारांनी गेली. ओजिब्वे लोक अजूनही उत्तरेच्या तळ्यांत होडीतून जाऊन काठीने ओंब्या झोडपतात आणि रानतांदूळ होडीतच पाडतात. मी तो शिजवून पाहिला. काळा, लांबट, शिजायला वेळ घेतो, आणि चवीला भातापेक्षा भाजलेल्या धान्याकडं झुकणारा.

मिलवॉकी हे सर्वांत मोठं शहर. बिअरचे कारखाने, यंत्रं, १९०३ पासूनच्या हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकली यांनी ते वाढलं. दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी तिथं आली, आणि १९७०-८० नंतर कारखाने बंद होऊ लागले तेव्हा सगळ्यात आधी तीच भरडली गेली. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकर बायकांना याहून जास्त सांगायला नको. बाकी मध्यभागातल्या रेताड, पाणथळ जमिनीत क्रॅनबेरी नावाचं आंबट लाल फळ होतं. अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त इथलंच. काढणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात, फळं वर तरंगतात, आणि सगळं शेत कुंकू सांडल्यासारखं दिसतं.

शनिवारी आम्ही बाजाराला जायचो. राज्याच्या विधानभवनाभोवती १९७२ पासून शेतकऱ्यांचा बाजार भरतो. विकणाऱ्याने स्वतः पिकवलेलंच विकायचं, असा तिथला नियम. सगळी गर्दी एकाच दिशेने फिरते, आणि तीही आपल्या उलट! मी सवयीने उजवीकडून प्रदक्षिणा घालायला निघाले, तर समोरून लोंढा. भाजीच्या टेबलांवर बरेचसे मोंग लोक दिसले. लाओसमधल्या लढाईनंतर १९७५ पासून निर्वासित म्हणून आलेली ही माणसं. त्यांच्याकडे कोथिंबीर मिळाली, हिरवी मिरची मिळाली, मला माहेर भेटल्यासारखं झालं.

पुढं चीजच्या टेबलावर एक साठीची बाई उभी असायची. ताजे चीजचे तुकडे, कर्ड्स म्हणतात त्यांना, ती चाखायला द्यायची. ताजेपणी ते दातांखाली चक्क कुईकुई वाजतात. वाजले तर ताजे, नाहीतर कालचे! मी दर शनिवारी जायची, तशी ओळख झाली. चीज तिचं नव्हतं, भाचीचं होतं. ती नुसती मदतीला यायची. तिच्या स्वतःच्या साठ गाई होत्या. "होत्या?" मी विचारलं. "गेल्या वसंतात विकल्या," म्हणाली.

मग तिने हिशेब सांगितला. पहाटे साडेचारला उठून नवऱ्याबरोबर धारा. यंत्र असलं तरी प्रत्येक गाईशी वाकायचं असतंच. धारा संपल्या की आंघोळ करून ती गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला. संध्याकाळी पुन्हा धारा. नोकरी पगारापेक्षा आजारपणाच्या विम्यासाठी. तिकडं विम्याशिवाय दवाखान्याची पायरी चढता येत नाही, आणि तो बहुधा नोकरीतूनच मिळतो. "म्हणजे गाई राखायला तुम्ही नोकरी करत होता!" मी म्हटलं. ती हसली, "इथं बहुतेक घरी तसंच आहे."

दुधाचा भाव १०० पौंडांवर, म्हणजे ४५ किलोंवर मिळतो. लोणी आणि चीज घाऊक बाजारात काय भावाने गेलं त्यावरून सरकारी सूत्राने तो महिन्याच्या महिन्याला ठरतो. दूध आधी जातं, भाव मागाहून कळतो. २०१४ मध्ये अमेरिकेत सरासरी २४ डॉलरच्या जवळ गेलेला भाव २०१८ मध्ये १६ च्या आसपास आला. वैरण, वीज, बँकेचे हप्ते कुणी कमी केले नाहीत. नुसत्या २०१९ या एका वर्षात या राज्यातले आठशेहून जास्त दुधाचे गोठे बंद झाले. २००४ मध्ये असे गोठे सुमारे सोळा हजार होते, २०२४ मध्ये साडेपाच हजारांच्या आसपास उरले.

तुम्ही म्हणाल, मग दूध कमी झालं असेल. छे! गाई तेवढ्याच, साडेबारा-पावणेतेरा लाख. दूध उलट वाढलं, वर्षाला चौदाशे कोटी किलोंच्या वर. एकेक गाय दिवसाला सरासरी तीस किलो देते. नव्वद टक्क्यांच्या आसपास दुधाचं चीज होतं आणि चीजमध्ये हे राज्य अजून पहिलं आहे. दुधात मात्र १९९३ पासून कॅलिफोर्निया पुढं. गोठे कमी झाले ते असे, की साठ गाईंच्या वीस गोठ्यांच्या जागी बाराशे गाईंचा एक आला. तिथं रात्रंदिवस पाळ्यांत धारा चालतात. धारा काढणारे बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. पुष्कळांकडे राहण्याचे कागद नाहीत, म्हणून गाडी चालवायचा परवानाही मिळत नाही. त्यांच्यावाचून एक दिवस निघायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण उघड बोलायला कुणी तयार नाही.

"आमच्याकडं भाव पडला की लोक दूध रस्त्यावर ओततात," मी तिला सांगितलं. २०१७ आणि २०१८ ची आपल्याकडची आंदोलनं तुम्हाला आठवत असतील. मला वाटलं, ती चकित होईल. ती म्हणाली, "माझ्या आजोबांनी ओतलंय." १९३३ साली तिथं दुधाचे तीन संप झाले. शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, कॅन उपडे केले, सैनिक बोलावले गेले, माणसंही दगावली. भाव काही मनासारखा मिळाला नाही.

मग तिने मला विचारलं, "तुमच्याकडं एका घरी किती गाई असतात?"

"दोन, चार. कुणाकडे म्हशी."

"साठ नाही?"

"साठ असल्या तर त्याला आम्ही मोठा बागायतदार म्हणू!"

ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, गाई विकल्या त्या दिवशी ट्रक नेमका ती शाळेत असताना आला, नवऱ्याने मुद्दाम तशी वेळ घातली होती. गोठा अजून उभा आहे. शेजारी आपलं गवत त्यात ठेवतो. तिला नोकरीला अजून तीन वर्षं काढायची आहेत, पासष्टला सरकारी विमा मिळेपर्यंत.

मागे रांग वाढली होती. तिने अर्धा किलो कर्ड्स तोलून दिले, वर मूठभर जास्त घातले आणि पैसे घेताना बजावलं, "आजच खा. उद्या वाजणार नाहीत."

घरी आल्यावर बाळाच्या आंघोळीच्या गडबडीत पुडी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर काढली. खरंच, एकही वाजला नाही.